नाव बदललं, पण नेमकं कुठं बदललं?

गेल्या महिन्यात एक मुलगी ऑफिसात आली. वय चोवीस-पंचवीस. कडेवर दीड वर्षाचं पोरगं, हातात कापड दुकानाची पिशवी, पिशवीत कागद. आमच्या ऑफिसात असे लोक येतातच. तहसीलला जाऊन दमले, की "पेपरवाल्यांना तरी विचारून बघू" म्हणून पायरी चढतात. बातमी होईलच असं नाही, पण चहा पाजतो आणि कागद बघतो.

तिनं टेबलावर तीन कागद ठेवले. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड. तिन्हीवर वेगवेगळी नावं. आधारवर सासरचं नाव आणि सासरचं आडनाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव आणि तिनं स्वतः निवडलेलं एक छान नाव. आणि जन्माच्या दाखल्यावर...

"नकुशी."

वडील वारले. वारस नोंदीचा अर्ज भावांनी केला, त्यात बहिणीचं नाव घातलं (भाऊ चांगले आहेत, हे आधीच सांगतो). कार्यालयात विचारलं गेलं, रेशनकार्डावर नकुशी आहे, आधारवर दुसरंच नाव, ही बाई तीच कशावरून? तिनं सांगितलं, "साहेब, माझं नाव कलेक्टर ऑफिसच्या कार्यक्रमात बदललं होतं, सर्टिफिकेट आहे." समोरून उत्तर आलं, "ते सर्टिफिकेट राहू दे. गॅझेट आहे का?"

गॅझेट नव्हतं. गॅझेट म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं, तर डिप्लोमा करून वीस वर्षं बातमीदारी केलेल्या मलाही ते पूर्ण ठाऊक नव्हतं. म्हणून जरा खोदलं. जे सापडलं ते इथं लिहितोय. लांब झालंय, पण वाचा. तुमच्याही घरात दोन नावांची एखादी बाई असणारच.

आधी एक घोळ मिटवू

सध्या गॅझेट म्हटलं की लोकांना हैदराबाद गॅझेट आणि सातारा गॅझेट आठवतं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर 2 सप्टेंबर 2025 ला शासन निर्णय निघाला आणि पारावर बसणाऱ्या माणसाच्या तोंडीही हा शब्द आला. पण तिथं ज्याची चर्चा आहे, ते गॅझेटियर. त्या त्या मुलखाची माहिती, लोक, जाती, शेती, गावं यांची जुनी सरकारी नोंद.

नाव बदलायला लागतं ते गॅझेट वेगळं. ते म्हणजे राजपत्र. सरकारचं स्वतःचं वर्तमानपत्र म्हणा. कायदे, नेमणुका, अधिसूचना त्यात छापल्या, की "सरकारनं जाहीर केलं" असं धरलं जातं. तुम्ही वाचलं नाही ही तुमची अडचण, सरकारची नाही.

राजालाही जाहीर करावं लागलं

ही पद्धत इंग्रजांची. 1665 साली लंडनमध्ये प्लेगनं थैमान घातलं होतं. राजा दुसरा चार्ल्स दरबार घेऊन ऑक्सफर्डला जाऊन राहिला. तिथं सरकारी बातम्यांचा कागद निघू लागला, ऑक्सफर्ड गॅझेट. पुढच्या वर्षी दरबार परत गेला आणि तेच पत्र लंडन गॅझेट झालं. ते आजही निघतं. गॅझेट हा शब्द व्हेनिसमधल्या एका बारक्या नाण्यावरून आला असं सांगतात. बातमीपत्राची किंमत तेवढी होती, म्हणून.

इंग्लंडात नाव बदलायला फार मोठा कायदा कधीच नव्हता. माणूस ज्या नावानं वावरतो ते त्याचं नाव, असा सरळ विचार. पण वावरतो हे जगाला कळायला पाहिजे ना! देणेकऱ्याला कळायला पाहिजे, कोर्टाला कळायला पाहिजे. म्हणून लेखी जाहीर करायचं आणि गॅझेटात छापायचं. नाव बदलून कुणी पळून जाऊ नये, हा त्यातला व्यवहार.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण खुद्द राजघराण्याचं. पहिलं महायुद्ध चालू होतं, जर्मनीबद्दल लोकांत संताप होता आणि इंग्लंडच्या राजघराण्याचं नाव होतं जर्मन, सॅक्स-कोबर्ग आणि गोथा. 17 जुलै 1917 ला पाचव्या जॉर्जनं जाहीरनामा काढून घराण्याचं नाव विंडसर केलं. हाच जॉर्ज त्या वेळी आपलाही बादशहा होता. आपल्या जिल्ह्यातली पोरं त्याच्याच फौजेत लढत होती. राजाला तलाठ्याकडं हेलपाटे मारावे लागले नसतील, पण जाहीर मात्र त्यालाही करावं लागलं.

हिंदुस्थानात इंग्रजांनी हीच रीत आणली. प्रत्येक इलाख्याचं गॅझेट निघू लागलं, मुंबई इलाख्याचंही. 1872 च्या पुरावा कायद्यात तर लिहून ठेवलं होतं, की लंडन गॅझेट किंवा सरकारी गॅझेट म्हणून जे छापील पान समोर येईल, ते कोर्टानं अस्सल धरावं. दीडशे वर्षं हा कायदा चालला, 1 जुलै 2024 ला नवा आला. "गॅझेट आहे का?" हा जो प्रश्न त्या मुलीला विचारला गेला, त्याच्या मागं हा एवढा इतिहास आहे.

भाग दोन मधली दोन नावं

1 मे 1960 ला राज्य झालं आणि महाराष्ट्र शासन राजपत्र निघू लागलं. त्याचे अनेक भाग असतात. राजकारण्यांचं लक्ष ज्या भागांवर असतं त्यांत नेमणुका आणि अधिसूचना. सामान्य माणूस येतो तो भाग दोनमध्ये. नाव बदल, धर्म बदल, जन्मतारखेतला बदल.

हे भाग चाळायला बसलात तर वेळ कसा जातो कळत नाही. ओळीमागून ओळ नुसती जुनं नाव, नवं नाव, जुनं नाव, नवं नाव. कारण छापलेलं नसतं. पण गावाकडच्या माणसाला कारण वाचता येतं.

आडनावातून जात किंवा धंदा कळत होता, ते जाऊन गावावरून "कर" लावलेलं आडनाव आलं. कळलं. पहिलं नाव तेच, मधलं नाव आणि आडनाव बदललं. लग्न झालं. तेच परत उलटं झालं. बहुतेक संसार मोडला. इंग्रजीत एक "ए" जास्त घातला. अंकशास्त्रवाला भेटला. दगडू, धोंडू, केरबा जाऊन तिथं दुसरं नाव आलं. पाठची भावंडं जगत नव्हती, म्हणून काळाची नजर लागू नये यासाठी आईनं ठेवलेलं नाव, पोराला शहरात नोकरी लागल्यावर जड झालं.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर तर नावांचं एक अख्खं पान उलटलं. वस्त्यांमध्ये सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा जन्माला आले. ज्यांना तुच्छतेनं अर्ध्या नावानं हाक मारली जायची, त्यांनी पोरांना पूर्ण नाव दिलं. ह्या सगळ्याची नोंद गॅझेटात झाली असं नाही. पुष्कळांनी फक्त शाळेत नाव घालताना बदललं. पण नाव बदलणं म्हणजे हौस नव्हे, हे आपल्या राज्याला तिथून कळायला हवं होतं.

आणि एक गंमत. ह्या नावबदलाच्या जाहिरातींवर सरकार स्वतःच टीप छापतं. त्याचा अर्थ असा, की अर्जदारानं जे सांगितलं ते छापलंय, मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी शासनाची नाही. म्हणजे राजपत्र तुम्हाला नाव देत नाही. तुम्ही घेतलेलं नाव ते फक्त मोठ्यानं वाचून दाखवतं. दवंडीच ती. फक्त ही दवंडी कागदावर असते आणि कोर्टात चालते.

गॅझेटच्या आधी काय होतं?

मास्तर होता.

आपल्याकडं आडनावाचं फार कडक असं काही नव्हतंच. घराण्याचं एक, वतनाचं एक, गावाचं एक. शाळेत नाव घालायला बाप गेला, की मास्तर विचारी आणि जे कानावर पडेल ते लिही. ते लिहिलेलं मग सात पिढ्या चाले.

साताऱ्यातलंच उदाहरण आहे आणि त्याहून मोठं उदाहरण देशात नसेल. 7 नोव्हेंबर 1900. राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरला क्रमांक 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. वडील लष्करातले सुभेदार, घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि पुढं शाळेत आंबेडकर. एका शिक्षकानं प्रेमानं आपलं आडनाव दिलं, असं सांगितलं जातं. कुणी त्यावर वादही घालतात. पण रजिस्टरमधली नोंद वादाच्या पलीकडची आहे. आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

ना प्रतिज्ञापत्र, ना जाहिरात, ना गॅझेट. दौत, टाक आणि एक ओळ.

आणि बायकांचं? त्यांच्यासाठी तांदळाचं ताट. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नाव लिहायचं. काल कुसुम होती, आज सुनंदा. ताट उचललं, तांदूळ डब्यात गेले, नाव मात्र बाईला जन्मभर चिकटलं. कुठल्याही कायद्यानं लग्नानंतर बाईनं नाव बदलावंच असं म्हटलेलं नाही. तरी माझ्या आईची दोन नावं आहेत. माहेरच्या नावानं तिला हाक मारणारी शेवटची मावशी दोन वर्षांपूर्वी गेली. त्या दिवशी आई म्हणाली, "आता त्या नावाचं कोण राहिलं न्हाई." मला बातमीदार असून हे कधी सुचलं नव्हतं.

22 ऑक्टोबर 2011

आता त्या मुलीच्या गोष्टीकडं येऊ.

आपल्या जिल्ह्यात, विशेषतः डोंगरी भागात, दुसरी-तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव नकुशी ठेवायचे. नकोशी, नकुसा, उच्चार काहीही, अर्थ एकच. त्यामागं दोन समजुती होत्या. एक म्हणजे असं नाव ठेवलं की देव पुढचा मुलगा देतो. दुसरी म्हणजे राग. लोक म्हणतात "त्यात काय एवढं, नावच आहे." वर्गात हजेरी घेताना रोज सकाळी "नकोशी" म्हणून पुकारा झाला आणि तुम्हाला "हजर" म्हणायचं असेल, तर काय वाटेल ते बघा.

2011 च्या जनगणनेचे आकडे आले आणि जिल्हा हादरला. सहा वर्षांखालच्या मुलांत दर हजार मुलग्यांमागं मुली 881, असा आकडा तेव्हा बातम्यांत आला. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं गावोगाव फिरून नकुशा शोधल्या. आणि 22 ऑक्टोबर 2011 ला, शनिवारी, साताऱ्यात कार्यक्रम घेऊन 285 मुलींची नावं बदलली. वेण्या घालून, रिबिनी बांधून, ठेवणीतले कपडे घालून मुली रांगेत आल्या. हातात फुलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. परदेशातल्या वर्तमानपत्रांनीही ती बातमी छापली.

जन्माला आल्या आल्या नाकारलेल्या मुलीला सरकारनं बोलावून विचारलं, तुला काय नाव पाहिजे. असा कार्यक्रम आपल्या राज्यात आधी झाल्याचं मला तरी आठवत नाही. आजही त्या कल्पनेला माझा सलाम आहे. पुढं जे लिहितोय ते त्या कार्यक्रमाला नावं ठेवायला नाही.

मग अडलं कुठं?

ही मुलगी त्या रांगेत होती. तेव्हा चौथीत. प्रमाणपत्र बघून गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरला नवं नाव लावलं, म्हणून पुढं दहावीपर्यंत सगळं नीट झालं. पण जन्म-मृत्यूची नोंद शाळेत नसते, ती ग्रामपंचायतीत. रेशनकार्ड पुरवठा खात्याचं. सातबारा महसूलचा. सरकार एक असलं तरी सरकारच्या वह्या वेगळ्या आणि एका वहीतलं दुसऱ्या वहीला कळत नाही. प्रत्येक वहीला वेगळं जाऊन सांगावं लागतं आणि सांगताना दाखवायला जो एक सामाईक कागद लागतो, तो म्हणजे गॅझेट. निदान हिच्या बाबतीत तरी तो कागद कुणी काढलाच नाही. आईबापाला माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलं नाही.

नाव ही माणसाची ओळख आहे आणि ते बदलणं हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 3 जून 2021 ला सीबीएसईविरुद्धच्या खटल्यात सांगितलं. वाजवी अटी घाला, जुनं नावही नोंदीत ठेवा, पण सरसकट दार बंद करू नका, असा त्याचा सारांश. म्हणजे हक्क आहे. अडचण हक्काची नाही, वह्यांची आहे.

तृतीयपंथी नागरिकांसाठी 2019 च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांच्या ओळखपत्राची सोय केली. त्याच्या आधारे जन्मदाखल्यापासून सगळीकडं नाव बदलता येतं. एक अधिकारी, एक कागद, सगळ्या वह्या. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

11 मार्च 2024 ला राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लागेल. मुलाचं नाव, मग आई, मग वडील, मग आडनाव. चांगलंच झालं. पण त्या आईचं कुठलं नाव लावणार? जन्मदाखल्यावरचं, शाळेतलं की आधारवरचं? ह्या मुलीच्या कडेवरच्या पोराच्या दाखल्यावर आईचं जे नाव लागलंय, ते तिच्या स्वतःच्या जन्मदाखल्यावर कुठंच नाही.

करायचं काय? थोडक्यात

एक. राजपत्रासाठीचा अर्ज शासन मुद्रण संचालनालयाकडं ऑनलाइन होतो. जुन्या नावाचा पुरावा, ओळखपत्र, फोटो, प्रतिज्ञापत्र लागतं. अज्ञान मुलासाठी पालक अर्ज करतात. सरकारी फी आणि दलाल सांगतो तो आकडा यात बरंच अंतर असतं, आधी संकेतस्थळावर फी बघा.

दोन. अर्जात स्पेलिंग आणि मात्रा-वेलांटी तीनदा तपासा. राजपत्रात चूक छापली, की ती निस्तरायला परत राजपत्र.

तीन. मूल शाळेत शिकतंय तोवर रजिस्टर दुरुस्त करून घ्या. शाळा सोडल्यावर उघड लेखनचूक असेल तरच सहसा बदल होतो.

चार. जन्मनोंदीत मुलाचं नाव नंतर घालता येतं, चूक दुरुस्त करता येते. पण नाव पूर्ण बदलणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथं निबंधकाला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या.

पाच. वारस नोंद, हक्कसोड, खरेदी यासाठी "दोन्ही नावांची व्यक्ती मीच" असं प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राची प्रत बाईनं स्वतःजवळ ठेवावी. नवऱ्याच्या किंवा भावाच्या कपाटात नको. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत मुलाइतकाच हक्क 2005 च्या दुरुस्तीनं दिलाय. पण हक्क ज्या नावावर आहे ते नाव तुमचंच, हे दाखवता आलं पाहिजे. भाऊबीजेला ओवाळणी घालून हक्कसोडवर अंगठा घेणारे भाऊ आपल्याकडं कमी नाहीत, त्यांना तर "नावच जुळत नाही" हे आयतं कोलीत.

शेवटचं

शहरांची नावं बदलली तेव्हा आपण किती भांडलो. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. शहराचं नाव बदललं की सरकार पाट्या बदलतं, शिक्के बदलतं, बसचे फलक बदलतं. आपण फक्त वापरायचं. बाईचं नाव बदललं, की प्रत्येक पाटी तिनं स्वतः बदलायची. पोर कडेवर घेऊन, एसटीचं तिकीट काढून.

म्हणून जिल्हा प्रशासनाला जाहीर विनंती. 2011 ची 285 नावांची यादी कुठल्या तरी कपाटात असेलच. त्या मुली आता संसाराला लागल्यात. त्यांना शोधा, तालुक्याला एक दिवस शिबिर लावा, राजपत्राचा अर्ज तिथंच भरून घ्या, फी माफ करा किंवा जिल्हा परिषदेनं भरावी. त्या दिवशी सुरू केलेलं काम पूर्ण होईल. 285 अर्ज म्हणजे काही फार नाही.

त्या मुलीचा अर्ज आम्ही ऑफिसातनंच भरला. भरताना मी विचारलं, "अगं, प्रतिज्ञापत्रावर वारस नोंद होऊनही जाईल. फेरफारला तुझं आधीचं नाव लावून घेतलं, तर लवकर सुटेल. जमीन तर मिळेल."

पोराला दुसऱ्या कडेवर घेत ती म्हणाली, "दादा, जमीन चार गुंठे येणार. त्याच्यासाठी परत नकुशी होऊ?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्या गावात अशी कुणी असेल, तर तिला हे वाचून दाखवा. आणि अर्ज भरायला मदत लागली, तर ऑफिसात घेऊन या. चहा आहेच.